पैसे फोनमध्ये की बँकेत? एम-पेसा आणि यूपीआय

घाटंजीच्या आठवडी बाजारात माझ्या मावशीचा फोन हरपला. वेचणीची मजुरी, कापसाचा चुकारा, सगळं तिच्या मते त्या फोनमध्ये होतं. "फोन गेला त पैसे बी गेले काय बाप्पा?" एवढंच विचारत होती, दिवसभर जेवली नाही. पैसे जागच्या जागी होते. ते फोनमध्ये कधी नव्हतेच. तरी तिचा घोळ समजण्यासारखा आहे. केनियातला एम-पेसा आणि आपला यूपीआय वरून सारखेच दिसतात: नंबर टाका, पिन टाका, पैसे गेले. आत मात्र दोघांची रचना अगदी वेगळी.

एम-पेसा २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाईल कंपनीने सुरू केलं. त्यात मोबाईल नंबर हेच खातं. बँकेची पायरी चढावी लागत नाही. गावातल्या एजंटच्या दुकानात रोख द्यायची, ती नंबरवर जमा होते. हवी तेव्हा तिथूनच काढायची. साधा बटणांचा फोनही चालतो. पैसे काढताना शुल्क कापलं जातं, पण एजंट चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि गरिबाला तेच मोलाचं. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६ मधल्या अभ्यासानुसार एम-पेसामुळे केनियातली सुमारे २ टक्के कुटुंबं गरिबीतून वर आली. पीक बुडालं, घरात आजारपण आलं, तर दूरच्या नातलगांची मदत लगेच पोचते, हे त्यांच्या आधीच्या कामातही दिसलं होतं.

यूपीआयमध्ये पैसे बँकेतच राहतात. फोन ही फक्त किल्ली. म्हणून आधी बँकेत खातं लागतं. आपल्याकडे जनधन खाती २०१४ मध्ये उघडू लागली आणि यूपीआय आला २०१६ मध्ये. एकमेकांना पैसे पाठवायला शुल्क नाही, हा मोठा फायदा. (यूपीआय लाइटची छोटी रक्कम तेवढी फोनमध्येच असते. बाकी सगळं बँकेत.)

पण किल्ली चालते ती बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरच, आणि आमच्या भागात खरी अडचण इथेच आहे. मावशीच्या नावाचं खातं उघडलं तेव्हा नंबर दिला होता तिच्या पुतण्याचा. लाडकी बहीणचे १५०० रुपये येतात तिच्या खात्यात, मेसेज जातो त्याला. खातं तिचं, किल्ली दुसऱ्याची. अशा बाया प्रत्येक गावात भेटतील, आणि 'सगळ्यांची खाती झाली' असं ऐकलं की मला त्यांचीच आठवण येते.

गावात रोख काढायची तर यूपीआय असून बहुतेकदा भागत नाही. मग ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावायचा. निंदण-वेचणी करून झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन ओळखत नाही, मग एक बोट, दुसरं बोट, शेवटी उद्या या. मेळघाटात तर कित्येकदा रेंजच नसते. इंटरनेट नसलेल्यांसाठी फोनवरून डायल करून यूपीआय वापरायचा *९९# हा नंबर आहे, पण ते कुणी शिकवायला बसलेलं मी पाहिलं नाही.

कर्जाचं म्हणाल, तर तिथेही फोनने प्रश्न सोडवलेला नाही. केनियात २०१२ मध्ये एम-श्वारी आलं. फोनवरूनच थोडं कर्ज मिळू लागलं, पण ३० दिवसांसाठी शुल्क होतं ७.५ टक्के. हे ऐकून मला गावचा सावकार आठवतो. आमच्याकडे रोज यूपीआय वापरणारा शेतकरीही जूनमध्ये पीक कर्जासाठी सातबारा घेऊन बँकेच्या रांगेतच उभा असतो.

मावशीला परवा शाखेत नेलं, अर्ज भरून तिचा स्वतःचा नंबर नोंदवला. बाहेर आल्यावर तिने नव्या फोनमध्ये पहिल्यांदा स्वतः पिन टाकला आणि शिल्लक दोनदा वाचली.