कंट्रोल-सी आणि ब्रेकपॉइंट: दोन्हीनं प्रोग्राम थांबतोय, पण थांबवतंय कोण?

मागच्या आठवड्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात एक नवीन पोरगा उघडा लॅपटॉप हातात धरून माझ्याकडं आला, म्हणाला दादा, लायब्ररीतच बग आहे. बघितलं तर जीडीबी (डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) चालू आणि प्रोग्राम उभा लायब्ररीच्या रीड फंक्शनमध्ये. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी केलेला साधा सी प्रोग्राम, सिरियल पोर्टवरनं भट्टीचं तापमान घ्यायचं आणि फाइलीत लिहायचं. तक्रार अशी होती की प्रोग्राम बंद केला की फाइलीतल्या शेवटच्या ओळी गायब. मी विचारलं, थांबवलास कसा? तर म्हणे कंट्रोल-सी दाबलं. म्हटलं मग हा बग न्हवं रे, तू हाक मारलीस तेव्हा तो तिथं होता, एवढंच. त्यावर त्याचा प्रश्न, "पण ब्रेकपॉइंटला (ज्या ओळीवर थांब म्हणून आधीच खूण केलीय तिथं) पण असाच थांबतोय की, फरक काय?"

प्रश्न लई चांगला होता, आणि चार-पाच वर्षं काम केलेली माणसंसुद्धा इथं गोंधळतात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दोन्हीत सारखं काय ते. डीबगर स्वतः प्रोग्रामला धरून थांबवत नसतोय, थांबवतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. लिनक्सवर पीट्रेस नावाचा सिस्टम कॉल (कर्नलला काम सांगायची सोय) आहे, त्यानं जीडीबी कर्नलला सांगून ठेवतो की ही प्रोसेस, म्हणजे हा चालू असलेला प्रोग्राम, माझ्या नजरेखाली आहे. एकदा हे झालं की त्या प्रोसेसला कुठलाही सिग्नल (कर्नल पोचवतो तो नंबरवाला छोटा निरोप) पोचायच्या आधी कर्नल तिला जागेवर थांबवतो आणि जीडीबीला उठवतो, मग जीडीबी वेटपिड या दुसऱ्या सिस्टम कॉलनं विचारतो कुठल्या सिग्नलनं थांबली, आणि सिग्नल पुढं द्यायचा का गिळायचा ते तोच ठरवतो. प्रोग्रामनं तो सिग्नल इग्नोर करायचा ठरवलेला असला तरी थांबा होतोच. अपवाद फक्त सिगकिलचा, नंबर ९, तो कुणाला विचारत नाही.

म्हणजे दोन्हीकडं सिग्नलच आहे, पण सिग्नल वेगळा. कंट्रोल-सीचा सिगइंट, नंबर २, आणि ब्रेकपॉइंटचा सिगट्रॅप, नंबर ५. खरा फरक मात्र नंबरात नाही, सिग्नल जन्माला कुठं येतोय त्यात आहे.

समजा तुम्ही शिरोलीतनं गाडीवर रंकाळ्याला निघालाय. मित्राचा फोन आला, आहेस तिथं थांब. आता तुम्ही तावडे हॉटेलजवळ असाल, कावळा नाक्याच्या सिग्नलला असाल, कुठंही असाल. हे झालं कंट्रोल-सी. दुसरा प्रकार म्हणजे मित्र आधीच दसरा चौकात जाऊन उभा राहिलाय, तुम्ही तुमच्या वेगानं तिथं पोचलात की थांबलात, आणि त्या रस्त्यानं गेलाच नाहीत तर थांबणारच नाही. हा ब्रेकपॉइंट. आणि फोनवाल्या प्रकारात गंमत बघा, कधीही फोन केला तरी तुम्ही चौकातल्या सिग्नललाच उभे सापडायची शक्यता जास्त, कारण प्रवासातला वेळ तिथंच जास्त जातोय. आमचा प्रोग्राम रीडमध्ये का सापडला त्याचं उत्तर हेच. तापमान सेकंदाला एकदा येतंय, लिहायला लागतो क्षणभर, बाकी सगळा वेळ रीडमध्ये वाट बघणं. शंभर वेळा कंट्रोल-सी दाबा, जवळपास शंभर वेळा रीडच दिसणार. (उलट, प्रोग्राम सीपीयू खात अडकलाय असं वाटत असेल तर हीच गोष्ट उपयोगी पडते, आठ-दहा वेळा थांबवून दर वेळी बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्याची यादी) बघा, जे फंक्शन सारखं दिसतंय तिथं वेळ जातोय.)

आता कंट्रोल-सी दाबल्यावर आत काय होतंय ते. कीबोर्डवरनं ३ नंबरचं अक्षर टर्मिनलला जातं, कर्नलमधला टर्मिनलचा भाग ते ओळखतो आणि त्या वेळी टर्मिनल ज्याच्या हातात आहे त्या प्रोसेस ग्रुपला (एकत्र बांधलेल्या प्रोसेसना) सिगइंट पाठवतो. जीडीबीत रन करून प्रोग्राम सुरू केला असला तर नेहमीच्या पद्धतीत जीडीबी त्याला वेगळ्या ग्रुपमध्ये टाकून टर्मिनल त्याच्याच हातात देतो, म्हणजे तुमचं कंट्रोल-सी जीडीबीला न जाता थेट प्रोग्रामला जातंय, जीडीबीला ते कळतं कर्नलकडनं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलेलं, कारण मी इतकी वर्षं समजत होतो की मी जीडीबीला सांगतोय आणि तो प्रोग्रामला थांबवतोय. यातनंच पुढची गोष्ट निघते, प्रोग्रामनं टर्मिनल रॉ मोडमध्ये (दाबलेली बटणं जशीच्या तशी प्रोग्रामला द्यायची पद्धत) टाकलं असलं तर ते ३ नंबरचं अक्षर साधं अक्षर म्हणून त्याच्याकडं जातं, सिग्नल तयारच होत नाही, आणि आपण कंट्रोल-सी बडवत बसतो. अशा वेळी दुसऱ्या टर्मिनलमधनं किल कमांडनं सिगइंट पाठवायचा, थांबतोय.

ब्रेकपॉइंटचं काम मात्र फार बारीक आहे आणि मला त्याचं कौतुक वाटतं. आमच्या प्रोग्राममध्ये एका ठिकाणी एक लोकल व्हेरिएबल शून्य केलाय, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल केलं की इंटेल प्रोसेसरवर त्या ओळीचे सात बाइट होतात, हेक्स आकड्यांत: सी७ ४५ एफसी ०० ०० ०० ००. तिथं ब्रेकपॉइंट लावून कंटिन्यू म्हटलं की जीडीबी पहिला सी७ स्वतःजवळ जपून ठेवतो आणि त्या जागी सीसी लिहितो. बाकीचे सहा बाइट तसेच. सीसी म्हणजे इंट-थ्री नावाची एका बाइटची इन्स्ट्रक्शन, मुद्दाम एका बाइटची ठेवलीय कारण कितीही लहान इन्स्ट्रक्शन असली तरी तिच्यावर ती बसली पाहिजे, शेजारचीवर सांडायला नको. प्रोग्राम चालत चालत तिथं आला, सीपीयूनं सीसी चालवली, ३ नंबरचं एक्सेप्शन उठलं, कर्नलनं त्याचा सिगट्रॅप केला आणि त्याच थ्रेडला दिला. बाहेरनं कुणी हाक मारलेली नाही, प्रोग्राम स्वतःच्या पायानं त्यावर आला.

पुढं चालू करताना खरी कसरत. इंटेलवर सीसी चालून गेल्यावर सीपीयूचा इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठं आहे ते सांगणारा) एक बाइट पुढं गेलेला असतो, तो जीडीबी एकनं मागं आणतो, सी७ परत जागेवर ठेवतो, सीपीयूचा ट्रॅप फ्लॅग (एक इन्स्ट्रक्शन झाली की थांब असं सांगणारी खूण) लावून एकच इन्स्ट्रक्शन चालवतो, त्याचा पुन्हा एक सिगट्रॅप येतो, मग सीसी परत लिहायचा आणि मोकळं सोडायचं. लूपमधल्या ब्रेकपॉइंटला हे दर फेरीला होतंय, कंडिशन (अमुक अट खरी असेल तरच थांब) लावली असली तरी, म्हणून लाखभर फेऱ्यांच्या लूपमध्ये कंडिशनवाला ब्रेकपॉइंट टाकला की प्रोग्राम रांगायला लागतो. आणि हा सीसी बघायला म्हणून जीडीबीतच मेमरी छापलीत तर दिसणार नाही, जीडीबी तुम्हाला मूळचा सी७ च दाखवतो. ६४ बिट आर्मवर, म्हणजे रास्पबेरी पायवगैरे, चार बाइटची ब्रेक इन्स्ट्रक्शन असते आणि तिथं पॉइंटर पुढं सरकत नाही, त्यामुळं मागं आणायची भानगड नाही.

मल्टिथ्रेडमध्ये, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये कामाचे अनेक धागे चालतात तिथं, फरक अजून उघडा पडतो. सिगट्रॅप ज्या थ्रेडनं सीसी चालवली त्यालाच येतो. सिगइंट अख्ख्या प्रोसेसला येतो, कर्नल कुठल्यातरी एका थ्रेडला देतो, बहुतेक मेनला. जीडीबी बाकीच्यांना मग सिगस्टॉप पाठवून थांबवतो. म्हणून कंट्रोल-सीनंतर समोर दिसणारा थ्रेड गुन्हेगार समजायचा नाही, सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस काढायचा.

आता त्या पोराच्या गायब ओळींकडं. आमच्या प्रोग्राममध्ये सिगइंटचा हँडलर (तो सिग्नल आला की चालणारं फंक्शन) आहे, तो फक्त एक फ्लॅग वर करतो, मग रीड अर्ध्यात सुटून एररनं परत येतो, लूप संपतो आणि फाइल नीट बंद होते. साध्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं तर हे बरोबर होतंय. जीडीबीत होत नाही! कारण सिगइंटसाठी जीडीबीची मूळ सेटिंग आहे थांबव, छाप, पण प्रोग्रामला देऊ नको. कंटिन्यू म्हटलं की सिग्नल गिळला जातो, हँडलर चालतच नाही, रीड परत वाट बघत बसतो. पोरगा काय करत होता, कंट्रोल-सी दाबायचा, बघायचा, आणि क्विट करायचा. क्विटला जीडीबी प्रोसेस मारून टाकतो, बफरमधल्या (अजून मेमरीतच साठलेल्या) ओळी फाइलीत पोचतच नाहीत. म्हणजे तो ज्या बगला शोधत होता तो दर वेळी स्वतःच तयार करत होता आणि दोन दिवस गेले त्यात बिचाऱ्याचे.

यावर दोन उपाय आहेत. एकदाच द्यायचा असेल तर थांबलेल्या जागी 'सिग्नल सिगइंट' टाइप करा, प्रोग्राम तो सिग्नल घेऊनच पुढं जातो. कायमचा द्यायचा तर 'हँडल सिगइंट नोस्टॉप पास', त्यावर जीडीबी विचारतो की हा सिग्नल डीबगर वापरतोय, नक्की बदलायचा का, आणि तो उगाच विचारत नाही, कारण हो म्हटल्यावर कंट्रोल-सीनं थांबवायची सोय गेली. सिगट्रॅपला पण तो हेच विचारतो, तिथं मात्र नाहीच म्हणा.

आणि डीबगर जोडलेलाच नसेल तर? सिगइंटनं हँडलर नसलेला प्रोग्राम गुपचूप संपतो. सिगट्रॅपनं पण संपतो, पण कोअर डंपसकट (त्या क्षणाच्या मेमरीची प्रत फाइलीत टाकून), 'ट्रेस ब्रेकपॉइंट ट्रॅप' असा मेसेज देऊन. साइटवर असा मेसेज दिसला तर कुणीतरी कोडमध्ये हातानं इंट-थ्री घालून काढायची विसरलीय का ते आधी बघा.

त्या पोराला मी 'सिग्नल सिगइंट' करायला लावलं. हँडलर चालला, फाइल बंद झाली, शेवटच्या ओळी जागेवर. म्हणजे प्रोग्राम बरोबर होता. मग फाउंड्रीतल्या मशीनवर प्रोग्राम बंद करणारी स्क्रिप्ट उघडली, आमच्याच हातची, आणि तिच्यात किल -९, म्हणजे सिगकिल, होतं. ते -२, म्हणजे सिगइंट, केलं, प्रोसेस संपेपर्यंत थांबायची एक ओळ घातली, आणि संध्याकाळी शिरोलीतनं आलेल्या फाइलीत शेवटची नोंद भट्टी बंद केली त्याच मिनिटाची होती.