ई-कचरा

वापरातून बाद झालेली विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, तसेच त्यांचे चार्जर, केबल आणि सुटे भाग यांना एकत्रितपणे ई-कचरा म्हणतात. उपकरण बिघडलेलेच असावे लागते असे नाही. सॉफ्टवेअरची अद्यतने मिळेनाशी झाली म्हणून टाकून दिलेला धडधाकट संगणकही याच कचऱ्यात मोडतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यापैकी जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

कपाटात पडून राहिलेला संगणक सहसा कोणाला अपाय करत नाही. खरा धोका सुरू होतो तो चुकीच्या रीतीने केलेल्या मोडतोडीतून. जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर, सुटे भाग जोडणाऱ्या सोल्डर या मिश्रधातूत कथिलाबरोबर शिसे असते, जुन्या अवजड मॉनिटरच्या काचेतही शिसे असते आणि प्लास्टिक पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त संयुगे मिसळलेली असतात. असंघटित भंगार व्यवसायात बोर्ड निखाऱ्यांवर तापवून सोल्डर वितळवतात, चिमट्याने चिपा उपटतात आणि उरलेला बोर्ड सोन्यासाठी आम्लात बुडवतात. तांबे मिळवण्यासाठी केबल जाळली की तिच्या पीव्हीसी या प्लास्टिकच्या वेष्टनातून डायॉक्सिन ही अत्यंत विषारी संयुगे धुरावाटे बाहेर पडतात. चीनमधील गुईयू आणि घानाच्या आक्रा शहरातील अ‍ॅगबोगब्लोशी ही ठिकाणे अशा कामामुळे जगाला माहीत झाली. गुईयूमधील मुलांच्या रक्तात शिशाचे वाढलेले प्रमाण आढळले, आणि शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीची झालेली हानी भरून निघत नाही. उपकरण विकणारा व वापरणारा एकीकडे आणि त्याचे विष अंगावर घेणारा दुसरीकडे, हाच या विषयातील मूळ नैतिक प्रश्न आहे.

या कचऱ्यात मौल्यवान धातूही आहेत. एक टन सर्किट बोर्डांमध्ये एक टन खनिजापेक्षा कितीतरी अधिक सोने असते. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके जुने फोन आणि इतर लहान उपकरणे यांतून काढलेल्या धातूंची होती.

घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर बंधने घालणारा बाझल करार १९८९ मध्ये संमत झाला व १९९२ पासून लागू झाला. तरीही ‘वापरलेला माल’ अशी नोंद करून निकामी उपकरणे परदेशी धाडण्याची पळवाट दीर्घकाळ वापरली गेली. १ जानेवारी २०२५ पासून घातक नसलेला ई-कचरा पाठवतानाही आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती आवश्यक झाली आहे. वस्तू निकामी झाल्यावरही तिची जबाबदारी उत्पादकावरच राहावी, ही कल्पना स्वीडनचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली आणि अनेक देशांच्या कायद्यांनी पुढे ती स्वीकारली. शिसे, पारा, कॅडमियम आदींच्या वापरावर युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून निर्बंध आणले. हा मार्ग अधिक मुळाशी जाणारा आहे, कारण उपकरणात जे घातलेच नाही ते पुढे कोणाच्या फुप्फुसात जाणार नाही. बॅटरी गोंदाने पक्की चिकटवून दुरुस्ती अवघड करण्याच्या प्रथेलाही युरोपीय संघात आळा बसत असून, फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असणे बंधनकारक आहे.

टाकून दिलेल्या उपकरणातील माहितीचा प्रश्न मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. फाइल पुसली तरी सामान्य हार्ड डिस्कवरून केवळ तिची नोंद काढली जाते. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो आणि सहज मिळणाऱ्या साधनांनी परत काढता येतो. या भीतीपोटी अनेक संस्था चांगल्या डिस्कचा चुरा करून टाकतात. त्यामुळे डिस्कचा पुनर्वापर तर संपतोच, शिवाय तिच्यातील निओडिमियम या धातूचे चुंबक चुऱ्यातील पोलादी तुकड्यांना चिकटून वाया जातात. वास्तविक, संपूर्ण डिस्कवर नव्याने लेखन केल्यास, किंवा माहिती आधीपासून कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवून शेवटी ती उलगडणारी सांकेतिक किल्ली नष्ट केल्यास, बहुतेक प्रसंगी गोपनीयता राखली जाते आणि डिस्कही पुढे वापरता येते.