रंकाळा गोठवायचा तर ऊब कुठं लपवायची?

माझी आठवीतली भाची सुपरहिरोची गोष्ट लिहितेय. तिच्या खलनायकाचा बेत असा की, एका रात्रीत रंकाळा तलाव गोठवायचा आणि सकाळी अख्ख्या कोल्हापूरला वेठीस धरायचं. "गोठवणार कसा?" विचारलं, तर म्हणाली, "मामा, त्याच्याकडं थंडीचा किरण आहे की!"

इथं मी अडलो. थंडी पाण्यात ओतता येत नाही. पाण्यातली उष्णता काढावी लागते, आणि काढलेली उष्णता कुठंतरी टाकावीच लागते.

तिला गावातल्या दूध संस्थेत नेलं. संध्याकाळचं संकलन चालू होतं, बल्क कूलरमध्ये दूध 4 अंशांकडं उतरत होतं. मागच्या पंख्यासमोर तिनं हात धरला आणि झटकन मागं घेतला. म्हशीच्या धारेतली ऊब त्या वाऱ्यातून बाहेर पडत होती.

घरी येऊन वही उघडली. 1 लिटर पाणी 25 अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे 105 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पण शून्यावरच्या त्या पाण्याचा बर्फ करायला आणखी 334! तापमान एका अंशानंही उतरत नाही आणि तिप्पट उष्णता बाहेर येते. मला हा आकडा दरवेळी नव्यानं थक्क करतो. एका एकरावर नुसतं 10 सेंटीमीटर पाणी धरलं, तरी 4 लाख लिटर होतं. त्यातून निघणारी उष्णता जवळपास 49 हजार युनिट, आपल्या वीजबिलावरची युनिटं. यंत्राला लागणारी वीजही शेवटी उष्णताच होते, ती वेगळी.

त्यात पाणी 4 अंशांना सर्वांत जड. गार झालेला वरचा थर बुडतो, खालचं कोमट पाणी वर येतं. सगळं तळं 4 अंशांपर्यंत उतरेस्तोवर वर बर्फ धरणं अवघड.

"मग एवढी ऊब लपवायची कुठं?"

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुऱ्हाळात."

हंगामात काहिलीतला रस 115 अंशांच्या पुढं तापतो, वाफेचे लोट उठतात, कुणाला संशय येणार? तिनं खलनायकाला एक सोडून चाळीस गुऱ्हाळं दिली. आणि पकडून देणारा माणूस निवडला गुळव्या, म्हणजे काहिलीवर उभं राहून गूळ करणारा. संध्याकाळी बघितलेला चिपाडाचा ढीग पहाटेही तेवढाच होता. चुलवणात जाळ नव्हता, आणि काहिलीत रस उकळत होता.