डोमेनचे नाव उजवीकडून वाचावे

2025 च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या इमारतीतील एक निवृत्त मुख्याध्यापिका मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता बदलला असून त्याच्या शेवटी यापुढे ‘.बँक.इन’ असेल, असा संदेश त्यांना आला होता. “हे खरं आहे, की कुणी फसवतंय?” असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता, कारण ‘पत्ता बदलला आहे’ असे सांगणाऱ्या संदेशांवर विश्वास ठेवू नये, हेच आपण सगळ्यांना सांगत आलो आहोत. बदल मात्र खरा होता. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘.बँक.इन’ वर जाण्यास सांगितले होते आणि ही नावे देण्याचे काम बँकांच्या तंत्रज्ञानाचे काम पाहणाऱ्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे सोपवले होते. बँक नसलेल्या कोणालाही असे नाव मिळू शकत नाही, हाच या व्यवस्थेचा उद्देश आहे.

तेवढ्याने त्यांचा प्रश्न सुटला नाही, कारण ‘बँक.इन’ ही अक्षरे पत्त्यात कुठेतरी दिसणे आणि योग्य जागी असणे यांत मोठा फरक आहे. ‘तुमचीबँक.बँक.इन’ हा पत्ता बँकेचा असेल, पण ‘तुमचीबँक.बँक.इन.खाते-तपासा.कॉम’ हा पत्ता ज्याने ‘खाते-तपासा.कॉम’ हे नाव नोंदवले आहे त्या इसमाचा असेल, मग त्याने डावीकडे काहीही लिहिलेले असो. पत्त्यातील पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी, तिथे थांबावे आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत जावे. एरवी डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांना हे नैसर्गिक वाटत नाही, आणि फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात.

उजवीकडून वाचायचे याचे कारण डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळासाठी नोंदवलेल्या नावाच्या, रचनेतच आहे. टपालाच्या पत्त्यात आपण व्यक्ती, घर, गाव, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. डोमेनही तसेच लिहिलेले असते. सर्वांत मोठा अधिकार सर्वांत उजवीकडे असतो आणि प्रत्येक टिंबापाशी एक अधिकारी पुढच्याला सांगतो की, या नावाखालचा कारभार आता तू पाहा. इंटरनेटच्या आरंभी असे नव्हते. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि इतरांनी तिची प्रत वेळोवेळी उतरवून घ्यावी, अशी पद्धत होती. संगणक वाढले तशी ती यादी आवरेनाशी झाली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यादीचेच तुकडे करून ते ज्याचे त्याच्याकडे सोपवण्याची योजना मांडली. तीच आजची डोमेन नाव प्रणाली होय. 15 मार्च 1985 रोजी ‘सिम्बॉलिक्स.कॉम’ हे ‘.कॉम’ खालचे पहिले नाव नोंदले गेले. भारताच्या ‘.इन’ चा कारभार 1989 मध्ये मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे आला. 2005 पासून तो निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, ही संस्था पाहते.

आपण एखादे नाव टाइप करतो तेव्हा ब्राउझरला त्या नावामागचा क्रमांक हवा असतो, आणि तो शोधण्याचे काम रिझॉल्व्हर नावाचा मध्यस्थ संगणक करतो. त्याला काहीच ठाऊक नसेल, तर तो प्रथम ‘रूट’ला, म्हणजे मुळाला विचारतो. रूटला अंतिम उत्तर माहीत नसते, ‘.इन’ कोणाकडे आहे, एवढेच तो सांगतो. मग ‘.इन’चा सर्व्हर पुढच्याचा पत्ता देतो आणि शेवटी त्या नावाचा स्वतःचा नेमसर्व्हर, म्हणजे त्याच्या नोंदी ठेवणारा संगणक, क्रमांक देतो. रूट सर्व्हरची नावे ‘ए’ ते ‘एम’ अशी तेराच आहेत, कारण सुरुवातीच्या नियमानुसार उत्तराचे पाकीट 512 बाइटांत मावावे लागे. पण प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेल्या अनेक प्रती असून त्यांची एकूण संख्या हजारावर जाते. मुंबईतही अशा प्रती आहेत. मिळालेले उत्तर रिझॉल्व्हर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतो. ‘नवा पत्ता जगभर पसरायला 48 तास लागतात’ असे नवशिक्यांना सांगितले जाते, ते मात्र चुकीचे आहे. पसरत काहीच नाही. जुनी उत्तरे मुदत संपेपर्यंत स्मरणात राहतात, आणि ‘.कॉम’चा सर्व्हर ‘हे नाव कोणाकडे आहे’ या आपल्या उत्तराला नेमकी 1,72,800 सेकंदांची, म्हणजे 48 तासांची मुदत देतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे वळतो. 2014 पासून ‘.भारत’ हे देवनागरी नाव उपलब्ध आहे आणि त्याखाली मराठीत, कोकणीत नाव घेता येते. पण डोमेन नाव प्रणालीत परंपरेने रोमन लिपीची 26 अक्षरे, 10 अंक आणि एक आडवी रेघ, एवढीच चिन्हे चालत आली आहेत. सगळे जग वापरत असलेली यंत्रणा एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. मग ‘भारत’ हा शब्द तिच्यातून जातो कसा? तो ‘एक्सएन--एच2बीआरजे9सी’ असा वेश घेऊन जातो. सुरुवातीचे ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा ही फक्त खूण आहे. खरा शब्द ‘एच2बीआरजे9सी’ यात, म्हणजे एच, 2, बी, आर, जे, 9, सी या सात रोमन चिन्हांत बांधलेला आहे. बांधण्याच्या या पद्धतीला प्युनीकोड म्हणतात. ती 2003 मध्ये ॲडम कॉस्टेलो यांनी प्रमाणित स्वरूपात मांडली. तिच्याइतकी देखणी युक्ती मी फार थोडी पाहिली आहे.

युनिकोड या जगातील लिपींच्या सामायिक तक्त्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. ‘त’ 2340, ‘भ’ 2349, ‘र’ 2352 आणि काना 2366. प्युनीकोड अक्षरे शब्दातील क्रमाने पाठवत नाही, तर या क्रमांकांच्या चढत्या क्रमाने पाठवते आणि प्रत्येक अक्षर कुठे खोचायचे, तेही सांगते. म्हणून आपला शब्द असा घडतो: आधी ‘त’, मग ‘भत’, मग ‘भरत’ आणि शेवटी काना बसून ‘भारत’. पहिल्यांदा हे कागदावर सोडवले तेव्हा ‘भरत’पाशी येऊन मी थोडा वेळ थांबलो होतो.

‘कोणते अक्षर’ आणि ‘कुठे’ या दोन गोष्टी एकाच संख्येत बसतात, हे या पद्धतीचे मर्म आहे. रोमन ‘ए’ म्हणजे 0, ‘बी’ म्हणजे 1, असे ‘झेड’ म्हणजे 25 पर्यंत जायचे; त्यापुढे 0 हा अंक म्हणजे 26 आणि 9 हा अंक म्हणजे 35. या हिशेबाने ‘आर’ची किंमत 17 होते. ‘त’ लिहून झाला आहे, अशी कल्पना करा. नवे अक्षर त्याच्या आधी बसेल किंवा नंतर, म्हणजे जागा दोन. मोजणारा अशा सर्व शक्यता ओळीने ओलांडत जातो. दुसरा ‘त’ पहिल्याच्या नंतर ठेवण्याची 1 शक्यता. मग तक्त्यातील थ, द, ध, न, नुक्त्याचा ऩ, प, फ, ब या आठ अक्षरांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे 16. एकूण 17 शक्यता ओलांडल्या की पुढची शक्यता येते ती ‘त’च्या आधी ‘भ’. एवढेच सांगण्यासाठी ‘आर’ हे एक अक्षर पुरते. आता ‘भत’ या दोन अक्षरांभोवती तीन जागा आहेत: दुसरा ‘भ’ बसवण्याच्या उरलेल्या 2, ‘म’च्या 3, ‘य’च्या 3 आणि ‘र’ची अगदी सुरुवातीची 1, अशा 9 शक्यता सोडल्या की ‘र’ दोघांच्या मध्ये येतो, आणि 9 म्हणजे ‘जे’.

मोठ्या संख्यांसाठी एकाहून अधिक चिन्हे लागतात. पहिला ‘त’ गाठण्यासाठी 128 पासून 2340 पर्यंत, म्हणजे 2212 पायऱ्या चढाव्या लागतात; ‘एच2बी’ म्हणजे 7, 28 आणि 1, आणि 7 अधिक 28 गुणिले 35 अधिक 1 गुणिले 1225 यांची बेरीज 2212 होते. कान्यासाठी 55 हवेत, तिथे ‘9सी’ म्हणजे 35 अधिक 2 गुणिले 10. एकदा पट 35 ची, तर दुसऱ्यांदा 10 ची का, असे वाचक विचारतील. आधीची उडी मोठी होती की छोटी, हे पाहून पुढच्या उडीचा पट ठरतो. एका लिपीतील अक्षरे तक्त्यात शेजारी-शेजारी असल्यामुळे एकदा देवनागरीत शिरल्यावर उड्या लहान होतात आणि शब्द आखूड राहतो. हा आखूडपणा महत्त्वाचा आहे, कारण दोन टिंबांमधील तुकडा 63 चिन्हांहून लांब चालत नाही.

मराठीपुढे याहून नाजूक एक प्रश्न होता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दर्‍या’ हे दरीचे अनेकवचन. दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून, किंवा मुळातच वेगळा क्रमांक असलेला ‘ऱ’ घेऊन. 2003 च्या नियमांत ते अदृश्य जोडचिन्ह नाव पाठवण्यापूर्वीच गाळले जाई, त्यामुळे सह्याद्रीच्या दर्‍यांचा थेट अरबी दर्या होत असे. 2010 मध्ये आलेल्या सुधारित नियमांत हलन्तानंतर त्या चिन्हाला परवानगी मिळाली. तरीही डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन लेखने यंत्राच्या लेखी दोन निराळी नावे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शक्य असेल तर असा शब्द नावात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिपींमधील असेच साम्य वापरून रशियन लिपीतील ‘ए’सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी प्रसिद्ध कंपन्यांची हुबेहूब नावे तयार करता येतात, हे 2017 मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले होते. नाव संशयास्पद वाटले की अनेक ब्राउझर मूळ ‘एक्सएन’ रूप दाखवतात, ते अशा फसवणुकीसाठीच.

अक्षरांना अंक देण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून अंकज्योतिषाबद्दलही सांगतो. ‘अंक जुळावा’ म्हणून दुकानाच्या रोमन नावात एक जादा ‘ए’ घालून डोमेन घेणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत. ‘त’चा क्रमांक 2340 आहे तो तक्ता करणाऱ्यांनी तसा ठरवला म्हणून, त्यात कोणाचे भाग्य नाही. नुकसान मात्र खरे आहे, कारण फोनवर नाव ऐकलेला गिऱ्हाईक ते नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करतो आणि दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. ‘.एआय’ घेतले की धंदा आधुनिक होतो, हा समजही याच जातीचा आहे. ‘.एआय’ हा कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या छोट्या बेटाचा देशसंकेत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नोंदणीची कृती सोपी आहे. रजिस्ट्री म्हणजे ‘.इन’ किंवा ‘.कॉम’ची मूळ वही सांभाळणारी संस्था. रजिस्ट्रार म्हणजे आपल्याकडून पैसे घेऊन त्या वहीत नोंद करून देणारा. आणि नोंदणीधारक म्हणजे आपण. रजिस्ट्रारच्या स्थळावर नाव शोधावे, मोकळे असेल तर आपले खरे नाव, पत्ता आणि ईमेल देऊन पैसे भरावेत. ‘.कॉम’सारख्या नावांच्या बाबतीत पडताळणीचा ईमेल येतो; 15 दिवसांत त्याला प्रतिसाद दिला नाही, तर डोमेन बंद पडू शकते. पहिल्या वर्षाचा दर पाहून हुरळून जाऊ नये, नूतनीकरणाचा दर आधी पाहावा. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिले म्हणजे नाव, दुसरे म्हणजे पाने ठेवण्याची जागा. आणि ‘डोमेन विकत घेतले’ असे आपण म्हणतो खरे, पण ते सात-बाऱ्यावर चढत नाही. तो मुदतीचा भाडेपट्टा असतो, आणि ‘.कॉम’ एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी मिळते. देवनागरी नाव आवडीने घ्यावे, मात्र त्याच्या जोडीला रोमन नावही ठेवावे, कारण अनेक अर्ज आणि ईमेल सेवा अजून देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत.

मी ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो, त्याचे डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्या तरुणाने सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवर नोंदवले होते. त्याने तो व्यवसाय सोडला, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या खात्यात जात राहिल्या, आणि एका सकाळी आमच्या स्थळाच्या जागी जाहिराती दिसू लागल्या. ‘.कॉम’ नावाची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार साधारणपणे काही आठवडे थांबतो. पुढे 30 दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात जादा शुल्क भरून नाव परत मिळते. मग 5 दिवसांनी ते वहीतून पुसले जाते आणि कोणीही ते घेऊ शकतो. आम्ही त्या 30 दिवसांत पोहोचलो. त्या तरुणाला शोधून, त्याच्याच खात्यातून नाव सोडवून घेतले, मग हस्तांतराचा गुप्त संकेतांक मिळवून ते वाचनालयाच्या खात्यात आणले, आणि नोंदणीधारक म्हणून व्यक्तीऐवजी संस्थेचे नाव घातले. आता रजिस्ट्रारचे नाव, खात्याचा ईमेल आणि मुदतीची तारीख सभासद नोंदवहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेली आहे, आणि दरवर्षी लेखापरीक्षणाच्या वेळी सचिव त्या तारखेपुढे सही करतात.