लसीचं कार्ड आणि लसीचं बिल : पालकांसाठी थोडं स्पष्टीकरण

आमच्या दवाखान्याच्या काउंटरवर रोज तीच वाक्यं ऐकू येतात. ‘कार्ड घरी राहिलं, मोबाइलमध्ये फोटो आहे.’ ‘सिस्टरनीच तर टोचलं, मग डॉक्टरांची फी कसली?’ ‘बिल जरा मागच्या तारखेचं द्या.’ प्रत्येकाला समजावत बसलं की मागे बाळं रडत ताटकळतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहोत.

आधी कार्ड. फोटो चालत नाही, कारण फोटोवर आम्हाला लिहिता येत नाही. लस टोचली की सिस्टर लगेच तारीख, लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि कोणत्या मांडीत टोचली ते लिहून सही करतात. काही सिरिंजवरचं लेबल सोलून निघतं, ते सरळ कार्डावर चिकटवतात. मांडीसुद्धा लिहायची, कारण एकाच दिवशी डावीकडे पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि उजवीकडे न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) दिली आणि रात्री एक मांडी सुजली, तर कशाने सुजली ते कळायला हवं. गंभीर त्रास झालाच तर तो सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो, तिथे बॅच नंबर विचारतात.

कार्ड नसलं की हे सगळं सुट्या चिठ्ठीवर जातं. चिठ्ठी पर्समध्ये जाते आणि पर्समधून कुठे जाते ते तुम्हालाच ठाऊक. पुढच्या खेपेला पेंटाचे दोन झाले की तीन, यावर आजींचं एक मत आणि बाबांचं दुसरं, आणि आम्ही रजिस्टर चाळत बसतो. आमच्याकडच्या नोंदी निदान सापडतात. माहेरी दिलेल्या लसींच्या कुठून काढणार?

याचा खरा फटका पुष्कळ वर्षांनी बसतो. एमएससाठी अमेरिकेला निघालेली मुलं जून-जुलैत येतात. तिथल्या कॉलेजांना सहसा एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस तारखांसकट हवे असतात. ‘लहानपणी तुम्हीच दिलेत, लिहून द्या ना.’ नोंद सापडली तर आनंदाने देतो. नाही सापडली तर अंदाजाने तारीख टाकत नाही, ओळख कितीही जुनी असो. मग अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते बघायला रक्त तपासा, नाहीतर किमान २८ दिवसांच्या अंतराने दोन्ही डोस पुन्हा घ्या. विमानाचं तिकीट तोवर काढून झालेलं असतं.

आता बिल. त्यात दोन ओळी असतात. पहिली लसीची, बॅच नंबरसह; खोक्यावरच्या एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त नाही. खोकं बघायला मागा, आम्हाला राग येत नाही. दुसरी ओळ तपासणीची आणि टोचण्याची. टोचतात सिस्टर, आणि दिवसभर तेच करत असल्याने त्यांचा हात डॉक्टरांपेक्षा हलका आहे. पण बाळाला ताप आहे का, मागच्या डोसला काय झालं होतं, आज लस द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. नंतर अर्धा तास बाहेर बसवतो, तेवढा वेळ बाळावर लक्ष असतं. फी या सगळ्याची आहे.

बहुतेक मेडिक्लेममध्ये लसीकरण बसत नाही. कुत्रा चावल्यानंतरची लस बऱ्याचदा अपवाद असते. ऑफिसचा ओपीडी विमा (ॲडमिट न होता झालेल्या खर्चाचा) असेल तर आधी तिथे विचारून या. रेबीजचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात, आणि प्रत्येकाचं बिल त्या त्या दिवशीच होतं. पाचही डोसांचं बिल पहिल्या दिवशी मिळणार नाही. तिसऱ्या डोसनंतर जखम सुकली म्हणून न फिरकणारे आम्ही पाहिले आहेत. न दिलेल्या डोसचं बिल कसं द्यायचं?

बारशाआधीच्या बिलांवर आईच्या नावापुढे ‘बाळ’ एवढंच असतं. क्लेम करायचा असेल तर नाव ठेवल्यावर सांगा, रजिस्टर आणि कार्ड दोन्हीकडे चढवतो.

बीसीजी (क्षयाची), पोलिओ, पेंटा, रोटा (जुलाबाची), गोवर-रुबेला या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तिथे जरूर घ्या, फक्त तिथलं कार्ड इकडे आणा. टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, फ्लू यांसाठी आमच्याकडे या. पुढच्या डोसचा व्हॉट्सॲप दोन दिवस आधी येतो, त्याचे पैसे नाहीत.

कार्ड फाटलं असेल तर शनिवारी दुपारी घेऊन या. सिस्टर नव्यावर उतरवून देतील. जुनं मात्र टाकू नका, नव्याच्याच पिशवीत ठेवा.