कार्बन बाण

कार्बनचे तंतू रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेल्या पोकळ नळीचा बाण. नळीला शाफ्ट म्हणतात. मागे दोरीत अडकणारा नॉक आणि प्लास्टिकची पिसे (व्हेन), पुढे इन्सर्टमध्ये (नळीच्या तोंडात चिकटवलेल्या आटेदार तुकड्यात) आटे देऊन बसवलेले टोक, अशी त्याची रचना असते. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, हंगेरी अशा देशांत धनुष्याने शिकार करणारे बहुतेकदा हाच बाण वापरतात. ब्रिटनमध्ये अशा शिकारीला बंदी आहे.

नाशिकमध्ये कार्बन बाण सोडायचा तो लक्ष्यफलकावरच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि जनावर जखमी करणे किंवा तसा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. त्यामुळे येवल्याकडचे काळवीट असो की पिकात घुसलेले रानडुक्कर, परस्पर बाण सोडता येत नाही. सोन्याच्या मृगामागे राम धावला तो पंचवटीतूनच, पण कायद्यापुढे ती कथा कामाची नाही.

निवड : पहिला प्रश्न स्पाइनचा, म्हणजे शाफ्ट किती लवते याचा. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट ठेवून मधोमध १.९४ पौंड वजन टांगतात. शाफ्ट ०.४ इंच लवली तर स्पाइन ४००, ०.५ इंच लवली तर ५००. आकडा लहान तेवढी शाफ्ट ताठ. नवखे इथे हमखास उलटे समजतात. शिवाय लांब ठेवलेली किंवा जड टोक लावलेली शाफ्ट प्रत्यक्षात अधिक लवते. म्हणून मित्राच्या धनुष्यावर सरळ जाणारा बाण आपल्यावर तसाच जाईल असे नाही. धनुष्याचे पाउंडेज (दोरी ओढायला लागणारा जोर, पौंडांत), ओढीची लांबी आणि टोकाचे वजन घेऊन उत्पादकाचा तक्ता पाहावा.

वजन ग्रेनमध्ये मोजतात (१ ग्रेन = सुमारे ०.०६५ ग्रॅम). कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्यासाठी पाउंडेजच्या दर पौंडाला किमान ५ ग्रेन हा रूढ हिशेब. ६० पौंडांच्या धनुष्याला ३०० ग्रेन, म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम. त्याहून हलका बाण वेगाने जातो खरा, पण उरलेला धक्का धनुष्याच्या लिंब्स (लवणाऱ्या भुजा) आणि दोरीला बसतो. शिकारी बाण मुद्दाम जड ठेवतात, कारण तो खोल शिरतो.

तयारी : शाफ्ट पाइप-कटरने कापू नये, तंतू फाटतात. वेगाने फिरणाऱ्या घासचाकावर कापावी, मास्क लावून. काळी धूळ फुप्फुसात आणि त्वचेत दोन्हीकडे त्रास देते. कड नळीशी काटकोनात सपाट घासून, आतून अल्कोहोलने पुसून मग इन्सर्ट चिकटवावे. टोक काढायला शाफ्ट थेट ज्योतीवर धरू नये, रेझिन खराब होते. मे महिन्यातल्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या बाणांचा गरमीने वितळणारा गोंदही सैल होऊ शकतो.

सुरक्षितता : पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतल्या तीरकामठ्याचा बांबूचा तीर चिरला की बहुधा डोळ्याला दिसतो, ॲल्युमिनियमचा बाण वाकतो. कार्बन बाहेरून धड दिसत असतो आणि सुटताना फुटतो. त्याचे टोकदार तंतू धनुष्य धरलेल्या हातात शिरतात आणि ते काढायला शस्त्रक्रियाही लागू शकते. म्हणून फलकाच्या चौकटीला किंवा दुसऱ्या बाणाला आपटलेला प्रत्येक बाण पुन्हा लावण्याआधी तपासावा : दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून लांब, हलकेच वाकवावा आणि फिरवून पुन्हा वाकवावा. कट्कट् ऐकू आली किंवा बोटाला खाच लागली तर तो बाण मोडून टाकावा. नुसता बाजूला ठेवला तर दुसरा कोणीतरी उचलून लावतो.

ओढीपेक्षा आखूड बाण रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकवायच्या आधाराच्या) मागे घसरून हातात घुसू शकतो. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचे पातेदार टोक, पानेवजा साधनानेच घट्ट करावे, बोटांनी नाही. फलकातून बाण उपसताना मागे कोणी उभे नाही ना ते आधी पाहावे. नॉक डोळ्यात जायला तेवढेच अंतर पुरते.