पार्श्वभूमी : आध्यात्मिक युद्ध नकाशावर कसे आले

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपास-प्रार्थनांत आज आध्यात्मिक युद्धाची, म्हणजे सैतान आणि दुरात्म्यांशी लढण्याची, एक ठरावीक भाषा कानावर पडते. शहरावरच्या सत्तेला बांधायचे, तटबंदी पाडायची, वस्तीला प्रार्थना करत फेरी मारायची. ही भाषा प्रेषितांच्या काळापासून चालत आली असावी, असे ऐकणाऱ्याला वाटते. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातला शस्त्रसामग्रीचा उतारा पहिल्या शतकातला आहे हे खरे, पण त्यावर रचलेली ही पद्धत मुख्यतः १९८० नंतरची आहे. त्याआधीची बरीच शतके ही लढाई दुसऱ्याच जागी चालू होती.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या तपस्व्यांनी सैतानाबद्दल पुष्कळ लिहिले, पण त्यांचे लक्ष विचारांवर होते. त्यांच्यातल्या एकाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, आळस, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. पुढे पश्चिमेकडे प्रसिद्ध झालेली सात पापांची यादी यातूनच आली. यातल्या 'आळसा'चे त्याने केलेले वर्णन आजही चपखल बसते. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू पुन्हापुन्हा खिडकीबाहेर डोकावतो, राहत्या जागेचा त्याला वीट येतो आणि दुसरीकडे गेलो तर बरे होईल असे वाटू लागते. स्तोत्र ९१ मधल्या भरदुपारच्या संकटाशी त्याने या अवस्थेचे नाते जोडले. उपाय साधा होता : जागा सोडायची नाही आणि हातातले काम टाकायचे नाही.

मधली हजार वर्षे इथे सोडून देतो. १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडलेल्या एका स्पॅनिश सैनिकाने अंथरुणावर पडल्यापडल्या एक गोष्ट टिपली. काही विचार येतात तेव्हा गोड लागतात आणि नंतर मन कोरडे करतात, तर काहींचा आनंद मागे रेंगाळतो. १५४८ साली छापल्या गेलेल्या त्याच्या साधनापुस्तिकेतला एक नियम कॅथलिक घरांत अजून सांगितला जातो. मन उजाड असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. जर्मनीतल्या सुधारकांनीही त्याच सुमारास परीक्षेच्या आणि निराशेच्या काळाबद्दल भरपूर लिहिले. या सगळ्यांचा सैतानावर पक्का विश्वास होता, पण त्याला शोधायला त्यांनी नकाशा उलगडला नाही.

वेल्समध्ये १९०४ मध्ये उठलेली संजीवनाची, म्हणजे सामूहिक धर्मजागृतीची, लाट ईशान्य भारतातल्या खासी टेकड्यांपर्यंत आली आणि १९०५ च्या जूनमध्ये पुणे जिल्ह्यात केडगावच्या आश्रमातही तसेच घडले. तिथल्या मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत होत्या, एकमेकींपुढे पापे कबूल करत होत्या. झगडा तीव्र होता, पण तो स्वतःच्या पापाशी होता. वेल्सच्या लाटेची दुसरी बाजू १९१२ साली पुढे आली. त्या लाटेत थकून कोसळलेल्या एका प्रमुख उपदेशकाच्या सहभागाने लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात, संजीवनातल्या अनेक भावनिक अनुभवांमागे फसवणारे आत्मे असल्याचे मांडले होते. विश्वासणाऱ्याच्या आतली धडपड बाहेरच्या शत्रूच्या खात्यावर टाकण्याची सवय इथून बळावली, असे मला वाटते.

१९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात सुमारे १५० देशांतले सुवार्तावादी, म्हणजे सुवार्ताप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट, प्रतिनिधी जमले. त्यांच्या १५ कलमी करारातले बारावे कलम आध्यात्मिक संघर्षावर आहे आणि ते नीट वाचण्यासारखे आहे. शत्रू मंडळीबाहेरच्या विचारसरणींत दिसतो तसा मंडळीच्या आतही दिसतो, असे ते म्हणते. पुढे तर त्यात कबुलीच आहे : प्रतिसाद मिळावा म्हणून आम्ही संदेशाशी तडजोड केली, श्रोत्यांवर दबावाची तंत्रे वापरली, आकडेवारीत नको तितके गुंतलो आणि कधी तिच्याशी अप्रामाणिकही वागलो. म्हणजे ज्या कलमात युद्धाची भाषा आहे, त्याच कलमात मंडळीच्या हिशेबवहीवरही बोट ठेवले आहे.

पुढच्या पंधरा वर्षांत हे बोट दुसरीकडे वळले. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या एका धर्मशास्त्रीय महाविद्यालयात १९८२ साली चिन्हे आणि चमत्कारांवरचा अभ्यासक्रम सुरू झाला. वर्गातच आजाऱ्यांसाठी प्रार्थना होऊ लागल्या आणि प्राध्यापकांत वाद पेटल्याने काही वर्षांत तो थांबवावा लागला. एका लहान अमेरिकी गावावर देवदूत आणि दुरात्मे लढतात अशी कादंबरी १९८६ साली आली. ती लाखांनी खपली, आणि तिने दिलेले चित्र अनेकांच्या मनात शास्त्रवचनाइतकेच पक्के बसले. लोझानच्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या चळवळीच्या १९८९ च्या मनिला परिषदेत प्रदेशांवर राज्य करणाऱ्या आत्म्यांबद्दल उघड चर्चा झाली. १९९० मध्ये '१०/४० खिडकी' हा शब्द आला. विषुववृत्ताच्या उत्तरेला १० ते ४० अंशांमधला, पश्चिम आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतचा हा पट्टा, सुवार्ता सर्वांत कमी पोहोचलेला मानला गेलेला. सगळा महाराष्ट्र आणि गोवा त्यात येतो. त्याच सुमारास 'आध्यात्मिक नकाशे' काढणे सुरू झाले. कुठल्या शहरात कुठली जुनी देवस्थाने, कुठला रक्तपात, कुठली व्यसने आहेत हे शोधायचे आणि त्यामागची सत्ता ओळखून तिच्याविरुद्ध प्रार्थना करायची. या युद्धाच्या तीन पातळ्या ठरल्या. एकेका माणसातले भूत काढणे, जादूटोण्याचा सामना, आणि सगळ्यात वर प्रदेशाधिपतींशी थेट लढाई.

वाद झाला तो या तिसऱ्या पातळीवर. तिचा मुख्य आधार बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय. तिथे देवदूत सांगतो की पारसाच्या राज्याच्या अधिपतीने आपल्याला एकवीस दिवस अडवले. विरोधकांचा मुद्दा सोपा होता आणि मला तो बिनतोड वाटतो. दानीएलाने त्या अधिपतीला उद्देशून एक शब्दही काढला नाही. तो तीन आठवडे शोक करत होता, रुचकर अन्न टाळत होता, आणि वर काय चालले होते हे त्याला नंतर कळले. तटबंदीचेही तसेच. २ करिंथ १० मध्ये पौल तटबंदी पाडण्याबद्दल बोलतो आणि लगेच पुढच्या वचनात सांगतो की पाडायचे ते तर्कवितर्क आहेत, बंदिस्त करायच्या त्या कल्पना आहेत. तिथे शहर नाही. समर्थकांचे उत्तर असे की पौल सत्ता आणि अधिपती यांची नावे घेतो ती उगाच घेत नाही, आणि आफ्रिका-आशियातल्या विश्वासणाऱ्यांना आत्म्यांचे जग पुस्तकात वाचावे लागत नाही. दुसरा भाग खरा आहे. पण त्यातून नकाशा काढायची आज्ञा निघत नाही.

लोझान चळवळीच्याच प्रार्थना-गटाने १९९३ मध्ये लंडनला बसून निवेदन काढले. संघर्ष खरा आहे हे त्याने मान्य केले. पण दुरात्म्यांतच गुंतून राहिल्याने माणूस स्वतःच्या कृत्यांची जबाबदारी टाळू लागतो आणि आपण पुन्हा मूर्तिपूजक जगदृष्टीकडे घसरू शकतो, असा इशाराही दिला. ऑगस्ट २००० मध्ये नैरोबीला याच विषयावर पुन्हा बैठक झाली. शांती, पश्चात्ताप आणि समेटाची भाषा युद्धाच्या भाषेइतकीच ठळक असली पाहिजे, असे तिथे ठरले.

या दोन बैठकींच्या मध्ये भारतातली घटना आहे. १९९९ च्या दिवाळीत एका मोठ्या अमेरिकी संघटनेने हिंदूंसाठी प्रार्थना करण्याची पुस्तिका काढली. हिंदू अंधारात हरवलेले आहेत, असा तिचा सूर होता. भारतात आणि अमेरिकेतही निषेध झाला आणि त्याची झळ, साहजिकच, ती पुस्तिका न वाचलेल्या इथल्या ख्रिस्ती माणसांना लागली. जून २००० मध्ये पासाडेनातच, ज्या आवारात १९८२ चा तो वर्ग भरला होता तिथे, मिशनच्या भाषेवर विचारविनिमय झाला आणि 'लक्ष्य', 'सैन्य', 'जिंकणे' असे शब्द टाळावेत असे सुचवले गेले. इथल्या पत्रकांवर आणि फलकांवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही.

कॅथलिक परंपरेने या काळात उलटी दिशा धरली. भूत काढण्याचा १६१४ चा विधी १९९९ साली बदलला. कुणाला भूतबाधा झाली आहे यावर सहजी विश्वास ठेवू नये, ही जुन्या विधीतलीच सूचना होती. नव्या विधीने वैद्यकीय आणि मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेण्यावर भर दिला आणि बिशपची परवानगी आधीपासूनच लागत होती. १९७६ साली जर्मनीत अनेक महिने हा विधी चालू असताना एक विद्यार्थिनी उपासमारीने दगावली होती आणि दोन वर्षांनी आईवडील व दोन धर्मगुरू दोषी ठरले होते. त्या प्रकरणाची सावली या सावधगिरीवर आहेच.

महाराष्ट्रात या प्रश्नाला २०१३ पासून कायद्याचीही चौकट आहे. त्या वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा आहे. घरी, देवळात, दर्ग्यात किंवा चर्चमध्ये होणारे, शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान न करणारे धार्मिक विधी त्यातून वगळले आहेत. म्हणजे प्रार्थनेला हरकत नाही. हरकत आहे ती प्रार्थना सोडून हात उचलण्याला.